नादार कर्जदार आणि मदतनिसाची अमानत

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एका इसमाने फळे खरेदी केली. त्या फळांवर आपत्ती आली, माल हातचा गेला आणि कर्ज मात्र डोक्यावर राहिले. प्रेषितांनी (स.) लोकांना त्याला सदका देण्यास सांगितले. लोकांनी दिला, तरी कर्जाइतकी रक्कम जमली नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) धनकोंना सांगितले की जे मिळाले आहे ते घ्या, याहून अधिक तुम्हाला काही मिळणार नाही. माननीय अबू सईद खुदरी (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

या छोट्या वृत्तान्ताकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. कर्जबाजारी माणसासंबंधी शरीअतचा जवळजवळ संपूर्ण दृष्टिकोन त्यात सामावला आहे. समाजाने आधी हात पुढे करावा. कर्जदाराजवळ जे आहे ते धनकोंत वाटले जावे. आणि त्यानंतर धनकोंना थांबवले जावे. कर्जदाराला कोणी गुलाम केले नाही, त्याच्या दारात कोणी बसून राहिले नाही, त्याच्या घरातील स्त्रियांना कोणी अद्वातद्वा बोलले नाही. आणि हे सारे कोणी घडवून आणले? ज्याला या व्यवहारातून कपर्दिकही मिळवायची नव्हती, अशा एका विश्वासू व्यक्तीने. आजच्या कर्जदाराला पैशाइतकीच उणीव भासते ती अशा विश्वासू माणसाची.

गोंदिया जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांचेच पाहा. धानाचे पीक कापणीला आले असताना अवकाळी पाऊस होतो. राइस मिलमधील हमालाला हंगाम सरल्यावर काम मिळत नाही. तेंदूपत्त्याच्या बिड्या वळणाऱ्या भगिनीची मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने ठरते आणि आजारपणात ती शून्य होते. समजा, अशा एका भगिनीने मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी गटाचे कर्ज घेतले. तो हप्ता चुकू नये म्हणून दुसऱ्या कंपनीचे घेतले, दुसऱ्याचा हप्ता भरण्यासाठी सावकाराकडे कानातले गहाण टाकले आणि शेवटी मोबाइलवरील ॲपवरून दहा हजार उचलले. एकूण देणे दीड लाख, मासिक कमाई सहा-सात हजार. हिला फेड करायची इच्छा नाही असे नाही. हिचे गणितच जमत नाही. अशा वेळी 'तुमचे सारे कर्ज माफ करून देतो, पाच हजार आधी द्या' असे सांगणारा कोणी दारात आला, तर ती पाचवे कर्ज काढून त्याला पाच हजार देते.

भाषेच्या अंगाने एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. अरबीतील 'मुफ्लिस' हा शब्द 'फल्स' म्हणजे तांब्याचे हलके नाणे यावरून आला. दीनार-दिरहम संपून ज्याच्याकडे केवळ ताम्रनाणी उरली तो मुफ्लिस. आपल्या कायद्याच्या मराठीत त्यालाच 'नादार' म्हणतात. हा शब्द फारसीतून आला. ज्याच्यापाशी नाही तो नादार. दोन्ही शब्द माणसाची स्थिती सांगतात, त्याचे चारित्र्य नव्हे. 'दिवाळखोर' या आपल्या बोलीतील शब्दाला मात्र अब्रू गेल्याचा वास येतो. त्या वासाच्या भीतीने कित्येक जण योग्य दारापर्यंत पोहोचतच नाहीत.

सवलत ही मेहरबानी नव्हे

दिव्य कुरआनात, सूरह अल्-बकराच्या २८०व्या आयतीत, अडचणीत असलेल्या ऋणकोला त्याची स्थिती सुधारेपर्यंत मुदत देण्याची आज्ञा आहे आणि कर्ज सोडून देणे हे धनकोच्या दृष्टीने अधिक चांगले, असेही सांगितले आहे. लक्षात घ्यावे की ही आयत व्याजाच्या निषेधाला लागूनच आली आहे. धर्मशास्त्रज्ञांनी यातून असा नियम काढला आहे की मुदत देणे हे बंधनकारक आणि सोडून देणे ऐच्छिक, पण पुण्यप्रद. दुसऱ्या बाजूला, ऐपत असूनही टाळाटाळ करणाऱ्याच्या वर्तनाला प्रेषितांनी (स.) जुलूम ठरवले आहे. असमर्थ आणि अप्रामाणिक या दोघांना एका तागडीत तोलायचे नाही, हे इथले मूळ सूत्र.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात हीच सीमारेषा आखली. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा की केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही; ऐपत असताना बुडवण्याची बदनियत दिसली पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याचे राहते घर आणि मजुराची मजुरी यांवर जप्ती येत नाही. अर्थात, जी वस्तू वा घर आपण स्वतः गहाण ठेवले त्याची गोष्ट वेगळी. 'उद्या पोलीस घेऊन येतो आणि भांडी उचलतो' अशी धमकी देणाऱ्याला यातले बहुतेक ठाऊक असते. ज्याला धमकी दिली जाते त्याला नसते.

नादारीचा कायदा

गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला; त्यापूर्वी, ब्रिटिश काळात, हा सारा मुलूख मध्य प्रांतात होता. त्या प्रांतात १९३३ साली कर्ज समझोत्याचा कायदा झाला आणि त्यान्वये सावकार व कर्जदार यांना समोरासमोर बसवणारी मंडळे स्थापन झाली. ती मंडळे इतिहासजमा झाली, पण त्याहून जुना असा प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० आजही आपल्या जिल्ह्याला लागू आहे.

या अधिनियमाखाली, ज्याचे देणे ५०० रुपये वा अधिक आहे आणि जे फेडण्याची त्याची ऐपत नाही, अशी व्यक्ती स्वतः जिल्हा न्यायालयाकडे, किंवा ज्या दुय्यम न्यायालयाला तसे अधिकार दिले आहेत त्याच्याकडे, अर्ज करू शकते. अर्जात सर्व धनको, सर्व देणी आणि सर्व मालमत्ता नमूद करावी लागते. न्यायालयाने नादार ठरवल्यानंतर, जप्तीतून वगळलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि धनकोंना न्यायालयाच्या परवानगीशिवाय ऋणकोविरुद्ध वेगळी कारवाई करता येत नाही. गहाणदाराचा गहाण वस्तूवरील हक्क मात्र शाबूत राहतो. पुढे ठरलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो. मुक्तता मिळाली की बहुतेक देणी कायद्याच्या दृष्टीने संपतात. शासनाचे देणे, फसवणुकीतून झालेले देणे आणि पोटगी मात्र संपत नाही.

जो उपाय म्हणून अनेकदा सुचवला जातो, त्याबद्दल इथेच सावध करतो. अर्जापूर्वी शेत भावाच्या नावे करणे, दुकान मेहुण्याच्या नावे करणे. नादार ठरण्यापूर्वी दोन वर्षांच्या आत मोबदल्याविना केलेली अशी हस्तांतरणे न्यायालय रद्द ठरवू शकते, आणि मालमत्ता लपवणे हा गुन्हा आहे. शरीअतच्या दृष्टीने तर ही उघड खियानत आहे. ज्याने असा सल्ला दिला तो आपला हितचिंतक नव्हे, मग तो कितीही जवळचा नातलग असो.

२०१६ साली नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिच्यात अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी 'नवी सुरुवात' अशी एक सुलभ प्रक्रिया लिहिलेली आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, अशी देणी ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नसणे, अशा तिच्या अटी. परंतु सर्वसामान्य व्यक्तींविषयीचा तो भाग अद्याप अंमलात आणलेला नाही. डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. म्हणून 'नव्या कायद्याखाली कर्जमुक्तीचे प्रमाणपत्र काढून देतो' असे जो सांगेल त्याला निःशंकपणे खोटा समजावे.

खरे सांगायचे तर हातावर पोट असलेल्या माणसासाठी १९२० चा मार्गही लांबचा आहे. तारखांना हजर राहावे लागते, आणि नादार असताना ती गोष्ट न सांगता नवे कर्ज घेणे गुन्हा ठरतो. माझ्या मते तो शेवटचा मार्ग मानावा. त्याआधी तडजोडीचा प्रयत्न व्हावा, आणि त्यासाठी माणूस विश्वासू हवा.

दार कोणते ठोठवावे

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. तालुका न्यायालयात तालुका समिती असते. तिरोडा, आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडील माणसाने जवळच्या न्यायालयात जाऊन विधी सेवेची चौकशी करावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग यांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. वर सांगितलेली बिडी कामगार भगिनी या सेवेची पूर्ण हक्कदार आहे. तिला हे दान म्हणून मागायचे नाही. दूरध्वनीवरून प्राथमिक माहिती हवी असल्यास १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यावयाची नसते. 'फी सरकारची, पण खर्चाचे म्हणून थोडे द्या' असे कोणी म्हटले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करता येते.

लोकअदालतीच्या नोटिशीसंबंधी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. बँका व वित्तसंस्था खटला दाखल करण्यापूर्वीच थकबाकीची प्रकरणे लोकअदालतीत ठेवतात आणि कर्जदाराला नोटीस येते. ती पाहून घरात रडारड होते. काही जण गावच सोडतात. ते वॉरंट नव्हे, बोलणी करण्याचे निमंत्रण आहे. तिथे जावे, व्याज-दंड कमी करून मागावा. पण एक खबरदारी घ्यावी. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून समोरच्यांना बरे वाटावे यासाठी, किंवा लाजेपोटी, न पेलणारा हप्ता कबूल करू नये. प्रेषितांनी (स.) कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागण्याचे कारण सांगितले होते की कर्जदार बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा मोडतो (सहीह बुखारी). महिन्याला सातशे देण्याची ताकद असताना दोन हजारांवर अंगठा देणे म्हणजे मोडण्यासाठीच वचन देणे होय.

कर्ज कोणाचे, यावर पुढचे दार ठरते. सूक्ष्म वित्तसंस्थेचे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार साऱ्या कुटुंबाचे एकूण मासिक हप्ते उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील असे कर्ज देता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी आणि सायंकाळी ६ नंतर संपर्क करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास यांना मनाई आहे. आधी संस्थेकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही आणि चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे चालत नाही. ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावी लागते.

सावकाराचे कर्ज असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. परवान्याविना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. अवैध सावकाराने कर्जापोटी शेत वा घर खरेदीखत करून घेतले असेल तर १५ वर्षांच्या आतील अशा व्यवहाराची चौकशी होऊन मालमत्ता परत मिळू शकते. त्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे अर्ज करावा. आणि कोऱ्या धनादेशावर, कोऱ्या मुद्रांकावर सही कधीही देऊ नये. धनादेश न वटण्याचे प्रकरण फौजदारी असते आणि तिथे गरिबीची सबब सहजी चालत नाही.

मग विश्वासू मदतनीस ओळखावा कसा? दिव्य कुरआनात माननीय मूसा (अ.) यांच्या वृत्तान्तात कामावर ठेवण्यास योग्य माणसाचे दोन गुण आले आहेत: सामर्थ्य आणि अमानतदारी (२८:२६). आपण बहुधा दुसऱ्यावरच थांबतो. नमाजी आहे, ओळखीचा आहे, म्हणून कर्जाची कागदपत्रे त्याच्या हाती देतो. पण त्याला नोटीस वाचता येते का, हे विचारत नाही. उलट, काही जण कायदा जाणतात पण त्यांची नजर आपल्या शेतावर असते. जो मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेतो, पावती देत नाही, निकालाची हमी देतो, 'कोणाला सांगू नका' म्हणतो किंवा हप्ते बंद करून तेच पैसे स्वतःकडे भरायला सांगतो, त्याच्यापासून दूर राहावे. हे नियम इमामालाही लागू आहेत.

मुक्ततेनंतर काय उरते

एक प्रश्न प्रामाणिक लोकांना छळतो: न्यायालयाने देणे संपवले तर अल्लाहसमोरही ते संपले काय?

उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. न्यायालयाचे संरक्षण घेणे पूर्णतः जायज आहे, कारण असमर्थ माणसाला सतावण्याचा अधिकार धनकोला शरीअतनेही दिलेला नाही. माननीय उमर (रजि.) यांच्या काळात जुहैना कबिल्यातील एक माणूस चढ्या भावाने उंट घेऊन हाजींच्या पुढे धावण्याच्या नादात कर्जबाजारी झाला. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी जाहीरपणे त्याच्या धनकोंना बोलावून त्याची मालमत्ता वाटून दिली, असे इमाम मालिक (र.) यांच्या मुवत्तामध्ये नमूद आहे. नादारी शासनाने जाहीर करणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. इमाम अबू हनीफा (र.) यांनी कर्जदाराच्या व्यवहारांवर बंदी घालण्यास मान्यता दिली नाही, तर त्यांच्या दोन्ही थोर शिष्यांनी दिली, आणि हनफी मतात फतवा शिष्यांच्या मतावर आहे.

परंतु मुद्दल हे माणसाच्या जिम्म्यावर राहते. धनकोने स्वखुशीने सोडले तरच ते पूर्णतः उतरते. म्हणून ज्याला मुक्तता मिळाली त्याने हिशेबाची वही फेकून देऊ नये. शेजाऱ्याचे, दुकानदाराचे, नातलगाचे मुद्दल परिस्थिती सुधारली की थोडे थोडे देत राहावे किंवा माफी मागून सोडवून घ्यावे. आयुष्यभर ऐपत आलीच नाही आणि नियत फेडण्याचीच होती, तर अल्लाहच्या दयेची आशा आहे. व्याजाचे म्हणाल, तर शरीअतच्या दृष्टीने ते देणेच नव्हे. पण देशाच्या कायद्यात करार बंधनकारक असतो. तेव्हा 'व्याज हराम आहे' एवढ्यावर विसंबून हप्ता थांबवण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. आधी वकील, मग तडजोड. आणि गटाच्या कर्जात गप्प राहून हप्ता चुकवला की त्याचा भार शेजारच्या चार भगिनींवर पडतो. त्यांना वेळीच सांगणे हादेखील त्यांचा हक्क आहे.

मशिदीचे काम

माननीय कअब बिन मालिक (रजि.) यांनी मशिदीत आपल्या ऋणकोकडे तगादा लावला आणि आवाज चढले. प्रेषितांनी (स.) हुजऱ्याचा पडदा बाजूला करून कअब (रजि.) यांना निम्मे सोडण्याची खूण केली. त्यांनी मान्य करताच ऋणकोला उठून बाकीचे फेडण्यास सांगितले (बुखारी, मुस्लिम). दोन्ही पक्षांना एकाच वेळी काहीतरी करायला लावणारी ही तडजोड आपल्या मशीद समित्यांनी शिकण्याजोगी आहे. आपल्याकडे समितीपुढे कर्जदार आला की एक तर त्याला उपदेश मिळतो, नाही तर जुम्याच्या दिवशी दारात चादर पसरली जाते. दोन्हींतून त्याची अब्रूच जाते.

माननीय कबीसा (रजि.) यांच्या हदीसीत (सहीह मुस्लिम) हलाखीत सापडलेल्या माणसाच्या गरजेची साक्ष त्याच्या लोकांतील तीन सुज्ञ व्यक्तींनी द्यावी, असे आले आहे. प्रत्येक मोहल्ल्यात असे तिघे असू शकतात: एक हिशेब जाणणारा, एक स्त्रियांशी बोलू शकणारी शिक्षित भगिनी, एक कोर्ट-कचेरीची वाट माहीत असलेला. त्यांनी वसुली करायची नाही की न्याय द्यायचा नाही. कर्जदारासोबत बसून कोणाचे किती, मुद्दल किती, व्याज किती, कागद कोणता, हे एका वहीत लिहावे, मूळ कागद त्याच्याकडेच राहू द्यावेत आणि छायाप्रती घेऊन विधी सेवा प्राधिकरणापर्यंत त्याच्यासोबत जावे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा देणारी आयत (२:२८२) ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. वही उघडणे हे दुनियादारीचे काम समजू नये.

जकातच्या आठ खर्चांत कर्जात बुडालेल्यांचा, म्हणजे 'गारिमीन'चा, वाटा स्वतंत्रपणे सांगितला आहे (९:६०). तरी आपली जकात बहुधा रमजानात किराण्याच्या पिशव्यांत संपते. देणी वजा जाता ज्याच्याकडे निसाबइतके उरत नाही तो या वाट्याचा हक्कदार आहे. हनफी मतानुसार रक्कम त्याच्या मालकीत द्यावी किंवा त्याच्या परवानगीने त्याच्या वतीने धनकोला द्यावी. परस्पर दिल्यास जकात अदा होण्यात अडचण येते. तडजोड होऊन मुद्दलाचा आकडा लेखी ठरल्यावरच ही रक्कम द्यावी, असे मला वाटते. आधी दिली तर ती दंड-व्याजात जिरते आणि मुद्दल तसेच उभे राहते.

शेवटी वारसांविषयी. कर्जदार दगावला की वसुलीवाले विधवेच्या दारी येतात आणि ती बिचारी 'नवऱ्याच्या कबरीवर ओझे नको' म्हणून नवे कर्ज काढते. मृताचे कर्ज वाटणीपूर्वी त्याच्या मालमत्तेतून फेडावे, ही कुरआनची आज्ञा आहे (४:११), आणि ती मालमत्तेपुरतीच आहे. देशाच्या कायद्यातही वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपलीकडे जात नाही, जर तो स्वतः सहकर्जदार वा जामीनदार नसेल. याहून अधिक कोणी प्रेमाने फेडले तर ते मोठे पुण्य, पण विधवेकडून ते दटावून घेता येत नाही. पुष्कळ गटकर्जांना आणि सूक्ष्म कर्जांना कर्ज घेतानाच विमा जोडलेला असतो व त्याचा हप्ता कापून घेतलेला असतो. तेव्हा घरी वसुलीसाठी आलेल्याला मृत्यूच्या दाखल्याची प्रत देऊन पोच घ्यावी आणि त्या विम्याचे कागद लेखी मागावेत.